पेंढा भरलेले रेडकू

शके १८१६, कार्तिक वद्य अष्टमी. मागच्या अंगणात चुलाणावर हंडा चढवून मी ह्यांचे कपडे उकळत होते. धोतर, सदरा, उपरणे, हात पुसायची फडकी, सगळे सोड्याच्या पाण्यात. हे काम महिनाभर रोजचेच झाले होते. रोगाच्या गावाहून आले की हे अंगणातच कपडे उतरवीत, विहिरीवर आंघोळ करीत आणि मग घरात येत. शेजारणींना वाटे, मेलेल्या गुरांना शिवतात म्हणून सोवळ्यासाठी हा खटाटोप. मीही समजूत काढत बसले नाही. कारण कोणतेही असो, कपडे उकळले गेले म्हणजे झाले.

'हे' म्हणजे आमच्या घरचे. कल्याणच्या कचेरीत कारकून होते. मुंबईत गुरांच्या वैद्यकाची शाळा निघाली, तेव्हा बसलेली नोकरी सोडून तिथे शिकायला गेले आणि शिकून पुन्हा ह्याच भागात नेमणूक घेऊन आले. लोक तोंडावर सलोत्री म्हणत आणि मागे ढोरडाक्तर. आमच्या नात्यातल्या पंगतींत ह्यांचे पान जरा लांब मांडू लागले. हे म्हणत, बरे आहे, वारा लागतो.

त्या दिवशी सकाळी हंड्यातले पाणी उकळी धरत होते, तेव्हा मागच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. टिटवाळ्याच्या अलीकडे काळू नदीच्या काठाला तिचा पाडा. तिथून पहाटेच निघून ती चालत आली होती. माझ्याच वयाची, आगरी. नवरा मिठागरावर कामाला असताना वारलेला, घरात थकलेला सासरा, आणि ज्याच्या दुधावर दोघे जगत ती एकच म्हैस. मी बस म्हटले, ती बसली नाही. पाणी दिले, तेही घेतले नाही.

ती म्हणाली, "बाय, वढ्यापलीकडं माज्या जावेची म्हस बसली. कालपून डोलं गलतान."

मी विचारले, पलीकडे रोग गेलाच कसा. ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "कातडं गेलतं."

मी चुलाणातली लाकडे मागे ओढली. पुढे ती काय बोलली ते मला बोलण्याआधीच कळले होते.

तो रोग बुळकांडीचा. गुराच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तोंडात चट्टे, मग ढाळ, आणि कधी दोन-तीन, कधी सहा-सात दिवसांत जनावर आडवे. ह्या रोगावर औषध नव्हते. ह्यांची सगळी अडचण तिथूनच सुरू होई. गावात सलोत्री आला की लोक बाटली मागत. हे सांगत, बाटली नाही. आजारी जनावर वेगळे बांधा, त्याचे पाणी वेगळे, दावे वेगळे, त्याचे करणारे माणूसही वेगळे. मेले तर खोल खड्डा, वर चुना, आणि कातडे काढायचे नाही. ह्यावर एका म्हाताऱ्याने विचारले होते, "सरकारानं तुम्हांला तीन वरसं शिकवलं ते येवढंच का? म्हस दुसऱ्या खुंट्याला बांधा म्हून?" सगळे हसले. हेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

आणि बोलत ते पुरुषांशी. चावडीपुढे पुरुष बसत, माना डोलवीत, हो हो म्हणत. म्हशीला हात लावतात बायका. शेण बायका काढतात, धार बायका काढतात, आजारी जनावराला पेज बायका पाजतात, आणि त्याच हातांनी दुसऱ्या गोठ्यात जातात. चावडीवर ठरलेले गोठ्यापर्यंत पोहोचतच नसे. दोन-तीन गावे हातची गेल्यावर मीच ह्यांना म्हटले की मला न्या, मी मागच्या दारांनी बोलते. ह्यांना ते पटले. रोगाच्या दिवसांत हे बैलगाडी वापरीत नसत, कारण बैलाच्या पायांनीही रोग जातो. तेव्हा आम्ही आगगाडीने टिटवाळ्याला उतरत असू आणि तिथून पायी.

ह्या बाईचे गाव म्हणजे ओढ्याच्या दोन अंगांना दोन पाडे. अलीकडच्या पाड्यात रोग शिरला होता, पलीकडच्यात नाही. पलीकडे दुभत्या म्हशी जास्त. तिथले दूध रोज सकाळी टिटवाळ्याच्या स्टेशनावर जाई आणि तिथून मुंबईला. हे म्हणाले, अलीकडची जनावरे जातील तेवढी जातील, पण ओढा राखायचा. ओढ्यापलीकडे एक दावेसुद्धा जाता कामा नये. गावाने प्रथमच एखादी गोष्ट मनापासून मान्य केली. ओढ्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. सोयरेधायरे असूनही बायका अलीकडून पलीकडे ओरडून बोलत. मेलेली जनावरे ओढून न्यायचे काम ज्यांच्याकडे होते, कातडे हाच ज्यांचा हक्क, त्या माणसांनीही ह्यांच्या शब्दावर ती न सोलता पुरली. तेवढे ह्यांनी मागितले आणि त्यांनी दिले. मला त्याचे आजही आश्चर्य वाटते. अकरा दिवस पलीकडे एकही जनावर आजारी पडले नाही. हे रोज सकाळी उठून बोटे मोजीत. मला म्हणत, पंधरा दिवस गेले की हे गाव उदाहरण म्हणून दाखवता येईल. मग दुसरे गाव ऐकेल.

त्या अकरा दिवसांच्या सुरुवातीचीच ही गोष्ट. ह्या बाईचे रेडकू मेले. आम्ही पोहोचण्याआधीच ते सोलून झाले होते. हे तेव्हा चावडीवर होते आणि मी दारोदार फिरत होते. हिच्या पडवीमागे कुडाला कातडे ताणून लावलेले मला दिसले, मीठ चोळलेले.

म्हशीचे रेडकू मेले तर म्हैस पान्हा सोडत नाही, हे कोणालाही ठाऊक असते. मग रेडकाचे कातडे नीट वाळवून, आत पेंढा भरून, शिवून ते म्हशीपुढे ठेवतात. ती हुंगते, चाटते, आणि खाली धार निघते. मी माहेरीही हे पाहिलेले होते. लहानपणी मला त्या पेंढ्याच्या रेडकाची भीती वाटे, कारण त्याला डोळे नसत.

मी तिला म्हटले, हे पुरावे लागेल. ती रडली नाही. तिने मला म्हशीजवळ नेले आणि कासेला हात लावून दाखवला. कास दगडासारखी झाली होती. म्हशीला स्वतःला रोग सौम्यच झाला होता. ती त्यातून उठत होती, रवंथ करीत होती. बाई म्हणाली, "बाय, ही जगली. आता आटली तं जगून काय करल? अन् आमी काय करू?"

ह्यांना विचारले असते तर हे काय म्हणाले असते ते मला पक्के माहीत होते. म्हणून मी विचारले नाही. मला वाटले, नियम करणारे धार काढायला बसत नाहीत. रोग ह्या गोठ्यात येऊन गेलाच आहे, कातड्याने आणखी काय होणार. मी तिला सांगितले की चुन्याच्या पाण्यात दोन दिवस बुडव, मग चार दिवस कडक उन्हात टाक, मग शीव. कोणाला बोलू नकोस. तिने माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले आणि पुढच्या घरी गेले. माझ्या मते मी एक शहाणपणाचे काम केले होते. घरी येताना गाडीत ह्यांनी विचारले, सगळी कातडी पुरली ना. मी म्हटले, हो.

ती म्हैस दूध देऊ लागली. पुढच्या खेपेला बाईने मला दुधाची कासंडी दाखवली, अर्ध्यावर भरलेली. मला बरे वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता अंगणात तिने बाकीचे सांगितले. ओढ्यापलीकडे तिची जाऊ. तिच्या म्हशीचे रेडकूही त्याच सुमाराला मेले, रोगाने नव्हे, उपासाने. सगळे दूध स्टेशनावर जायचे, तर रेडकाच्या वाट्याला काय राहणार. शिवाय नर असला की त्याला कोण जपतो. त्या रेडकाचे कातडे कुत्र्यांनी फाडले. मग जावेने ओढ्यावरून हाक मारून हिच्याकडचे मागितले, एक-दोन दिवसांपुरते. पान्हा फुटला की परत.

मी म्हटले, ओढ्यावर काट्या होत्या ना. तू दिलेस कसे.

ती माझ्याकडे बघू लागली, जणू मी काही पोरकट विचारले होते. त्यांच्यात रीत अशी की विरजण आणि पेंढ्याचे रेडकू, ह्या दोन गोष्टी कोणी मागितल्या तर नाही म्हणायचे नाही. जी नाही म्हणेल तिची म्हैस आटते. तिने काट्यांना हात लावला नव्हता. जनावर नेले नव्हते, दावे नेले नव्हते, स्वतः ओलांडून गेली नव्हती. डाक्तरांनी सांगितलेले सगळे पाळले होते. पेंढ्याचे रेडकू काट्यांवरून फेकून दिले, जावेने पलीकडे झेलले.

मी विचारले, चुन्यात घातले होतेस ना.

"चुन्यात घातलं आसतं तं वास गेला आसता बाय. वासाबिगर म्हस वलखल का? ते नुसतं गोनपाट."

हे मला कळायला हवे होते. माझ्याच तोंडाने मी तिला असा उपाय सांगितला होता जो तिला करता येण्यासारखाच नव्हता. आणि 'गोठ्याबाहेर जाऊ देऊ नकोस' एवढे एक वाक्य, जे तिला करता आले असते, ते सांगितले नव्हते. विरजण मी स्वतः शेजारी दहा वेळा दिलेले आहे. मागणारीला रिकामे पाठवू नये, हे मला आईने शिकवले होते. तरी कातडे एका घरून दुसऱ्या घरी जाऊ शकते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

ती निघताना म्हणाली की तिची स्वतःची म्हैस धडधाकट आहे. हे तिने अशा आवाजात सांगितले, जणू ती मेली असती तर बरे झाले असते.

हे दुपारच्या गाडीने परतले. विहिरीवर आंघोळ आटोपली तरी आत येईनात. पुन्हा हात धूत होते, पुन्हा नखांत काडी घालत होते. मी ताट वाढून हाक मारली तेव्हा आले आणि पाटावर बसून म्हणाले की पलीकडे तीन म्हशी पडल्या. पलीकडच्या लोकांनी ह्यांना ओढ्यावरच अडवले. म्हणाले, ओढा ओलांडून दोन्हीकडे जाणारा माणूस तुम्हीच एक. आम्ही काट्या टाकल्या, तुम्ही वरून चालत आलात. उद्यापासून येऊ नका. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. एकाने हात जोडले.

मग हे म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही. माझ्याच हातून गेलं असेल. वहाणांना लागलं असेल. वहाणा मी उकळत नाही."

मी भातावर वरण घातले. वाटले, जेवू द्यावे आणि मग सांगावे. पण ते वहाणांचेच बोलू लागले, कोणत्या दिवशी कोणत्या गोठ्यात कुठे उभे होते ते आठवू लागले, तेव्हा मला ते ऐकवेना. मी सगळे सांगितले, पडवीमागच्या कातड्यापासून. मधे थांबले नाही. थांबले असते तर पुढचे सांगवले नसते.

त्यांनी ताटातला हात तसाच ठेवला.  मग अगदी हळू म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंस ना?"

मी हो म्हटले.

ओरडले असते तर मला सोपे गेले असते. मी उलट काही बोलले असते, आणि बोलायला होते माझ्याजवळ. त्या बाईची म्हैस तर जगली. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारले, ती बाई कोण. मी सांगितले. ते म्हणाले, तिचे नाव बाहेर येऊ देऊ नकोस, दोन्ही पाडे तिला पाण्यालाही शिवू देणार नाहीत. मी म्हटले, मग उद्या मी जाते आणि माझे सांगते. ते म्हणाले, जा. मला काही तिथे येता यायचे नाही.

उरलेला दिवस आम्ही नेहमीसारखी कामे केली. त्यांनी वरच्या कचेरीला कळवायचे पत्र लिहायला घेतले. रोग ओढ्यापलीकडे गेला, एवढे लिहिले आणि 'कारण' ह्या शब्दापुढे थांबले. मी दिव्याची काच पुसत होते. ते म्हणाले, इथे काय लिहू. मी म्हटले, जे खरे ते लिहा. त्यांनी लिहिले की कारण समजून आले नाही. मी वाचले आणि कागद परत ठेवला. त्यांनी आमच्या लग्नानंतर मला वाचायला शिकवले होते, ते असल्या गोष्टी वाचण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी टिटवाळ्याला गेले आणि दूरच्या वाटेने, अलीकडच्या पाड्याला न शिवता, पलीकडच्या पाड्यात शिरले. मला कोणी अडवले नाही. बायका त्या बाईच्या जावेच्या गोठ्यापाशी जमल्या होत्या. तिची म्हैस पहाटेच गेली होती. आणखी दोन उसासे टाकत पडल्या होत्या. पेंढ्याचे रेडकू गव्हाणीशी तसेच उभे होते.

मी उभ्यानेच सांगितले. डाक्तरांनी रोग आणला नाही. अलीकडच्या पाड्यात एक कातडे होते, ते पुरायचे होते, ते मी राहू दिले. हे समोर उभे आहे ते. दोष माझा आहे, त्यांना येऊ द्या. बाकीची जनावरे वाचवायची तर त्यांचे ऐकावे लागेल.

 मी जावेकडे पाहिले. तिला सगळे माहीत होते. कातडे तिनेच मागितले होते, तिनेच झेलले होते. ती एक शब्द बोलली असती तर माझे बोलणे खरे ठरले असते. पदर तोंडाशी धरून ती मेलेल्या म्हशीकडे पाहत राहिली. तिला बोल असे मी म्हणू शकत नव्हते. ती बोलली असती तर पुढचे नाव तिच्या जावेचे होते, आणि त्याच्याही पुढे तिचे स्वतःचे.

शेवटी एक म्हातारी पुढे आली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता.

"नवऱ्याला वाचवाया आलीस, बाय. बरं केलंस. आमच्यातली आसती तरी हेच केलं आसतं."

दुसरी म्हणाली, शिकलेल्या बायका बोलतात मात्र गोड. काही जणी हसल्या. मी पुन्हा एकदा सांगून पाहिले. म्हातारी मान डोलवीत राहिली, जशी चावडीवरचे पुरुष डोलवीत असत. तेव्हा मी सांगणे सोडले. ह्यांना त्या पाड्यात पुन्हा कोणी बोलावले नाही. पुढे पावसाळ्यापूर्वी त्यांची बदली ठाण्याला झाली, आणि कल्याणच्या भागात कातड्याविषयी लोकांशी बोलायला कोणी उरले नाही.

पण त्या सकाळी मला एवढे दूरचे सुचले नाही. मी पदर खोचला आणि विचारले, कोणाकोणाची जनावरे अजून धड आहेत.  मग एक तरुण सून म्हणाली, आमची हाय. तिच्या सासूने तिला डोळ्यांनी दटावले, तरी ती बोलली. तिच्यामागून आणखी दोन घरांनी होकार दिला. मी त्यांची जनावरे सोडायला लावली, नवी दावी मागून घेतली, आणि पाड्यापासून दूर, नदीच्या वरच्या अंगाला जिथे भात कापून झाले होते त्या खाचरात ती तिन्ही वेगवेगळी बांधली. नदीवर हातपाय धुऊन खुंट्या मी स्वतः ठोकल्या. उन्हे चढेपर्यंत नदीचे पाणी कळशीने आणून त्यांना पाजले, आणि त्या सुनेला सांगितले की इथे दुसऱ्या कोणाचे काही येऊ देऊ नकोस. दावे नको, पाण्याचे भांडे नको, विरजण नको, आणि मेलेल्या रेडकाचे कातडे तर कोणीही मागितले तरी देऊ नकोस, घेऊही नकोस. ह्या वेळी मी एकही गोष्ट सांगायची ठेवली नाही.